धर्मा तांडेल वळायला शिकतो

दिवाळे गावातल्या धर्मा तांडेलाने वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मोटारसायकल घेतली, तेव्हा गावाला दोन दिवस दुसरा विषय नव्हता. होडीचं सुकाणू निकेशच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या हातात गेलं होतं आणि धर्माचे गुडघे कुरकुरायला लागले होते. अशा माणसाने ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करावीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी गावाची साधी अपेक्षा होती. याने दीडशे सीसीची निळीशार गाडी आणून दारात उभी केली, हार घातला, नारळ फोडला आणि मागच्या सीटवर स्वतःच्या हाताने दोनदा फडकं मारलं. पुढची सीट पुसायचं त्याला सुचलंही नाही.

मागच्या सीटचं कारण मीच सांगायला हवं, कारण धर्माने ते जन्मात सांगितलं नसतं. लग्नानंतरची चाळीस वर्षं तो पाण्यावर होता आणि त्याची बायको धोंडूबाई जमिनीवर. तो निघायचा तेव्हा ती धक्क्यावर उभी असायची, तो परतून पाठ टेकायचा तेव्हा ती डोक्यावर पाटी घेऊन बाजारात गेलेली असायची. लग्नाबिग्नाला ती बायकांबरोबर टेम्पोतून जायची आणि हा मागाहून कुणाच्या तरी गाडीत कोंबून. दोघं मिळून एका वाहनावर बसून कुठे गेली होती, हे त्याला डोकं खाजवूनही आठवेना. ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. गाडी घेतली ती एवढ्याचसाठी.

धोंडूबाईला मागे बसवून काढलेली पहिली फेरी मात्र गल्लीच्या टोकापर्यंतच गेली. लायसन त्याच्याकडे तरुणपणापासून होतं, भावाची मोपेडही त्याने चालवली होती, त्यामुळे सरळ रस्त्याला काही अडचण आली नाही. टोकाला डावीकडे वळण होतं आणि वळणाच्या कडेला यशोदाबाईने ताडपत्रीवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घातला होता. जवळ्यावर गाडी न्यायची नाही, असं धर्माने मनाशी पक्कं केलं, आणि इतक्या निष्ठेने केलं की त्याची नजर जवळ्यावरून हलेचना. गाडी जरा डावीकडे झुकली तसा तो घाबरून उजवीकडे कलला, आणि गाडी वळायचं सोडून सरळ ताडपत्रीवर चढून तिथेच आडवी झाली. वेग मुंगीचा होता, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. दोघं जवळ्यात बसलेली मात्र सगळ्या गल्लीने पाहिली.

धोंडूबाई उठली, लुगड्याला चिकटलेला जवळा तिने झटकला. ती भांडली असती तर धर्माला बरं वाटलं असतं, भांडणाची त्याला सवय होती. ती शांतपणे बोलली.

"आजपासून मी तुमच्या मागं बसनार नाय. माजं मी रिक्शानं जाईन."

महिन्याभराने करावे गावात तिच्या बहिणीच्या, गोजराच्या नातवाचं बारसं होतं. त्याला आपण रिक्षानेच जाणार, हे तिने त्याच संध्याकाळी चार घरी सांगूनही टाकलं. म्हणजे परतीची वाट बंद. धर्माला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण वादळातून होडी आणली आणि बायकोला गल्लीच्या टोकापलीकडे नेता आलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

नवा जवळा वाळेपर्यंत कावळे हाकायची शिक्षा यशोदाबाईने त्याला दिली होती. तो रविवारी सकाळी हातात काठी घेऊन ताडपत्रीशेजारी बसला असताना कैनात आली. कैनात ही बेलापूरच्या नजीबभाईंची मुलगी. घराणं मूळचं रायगडच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे मासळीची पारख उपजत. नोकरी कुठल्याशा ऑफिसात, वय पंचविशीचं, आणि दर रविवारी धोंडूबाईकडून मासळी न्यायला ती भल्यामोठ्या मोटारसायकलवरून यायची. गल्लीच्या टोकाचं तेच वळण तिने असं घेतलं की धर्मा कावळे विसरून बघत राहिला. गाडी आडवी होतेय असं वाटेपर्यंत झुकली आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सरळ झाली.

त्याने तीनदा घसा खाकरला आणि हे शिकवता येतं का, असं विचारलं. कैनातला आधी हसू आलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून ते तिने गिळलं. शिकवीन म्हणाली, पण तिच्या अटी होत्या. हेल्मेट पाहिजे, बूट पाहिजेत, हातमोजे पाहिजेत, चप्पल घालून आलात तर तशीच परत जाईन. टायर कोरे आहेत, ते जरा घासले जाईपर्यंत जास्त झुकायचं नाही. आणि पहिल्या दिवशी काका मागे बसणार, ती चालवणार.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं धर्माच्या गाडीवरून उलव्याच्या बाजूला निघाली. तिकडे एका सेक्टरात रस्ते पुरे झाले होते आणि इमारती अजून यायच्या होत्या, त्यामुळे वाहन नव्हतं, कुत्रीही नव्हती. वाटेत दोन-तीन वळणं लागली. तिसऱ्या वळणानंतर कैनातने गाडी कडेला घेतली आणि हेल्मेटची काच वर केली.

"काका, मी डावीकडे झुकले की तुम्ही उजवीकडे का लटकता?"

आपण लटकतो हे धर्माला माहीतच नव्हतं. तो विचारात पडला. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो रस्त्यातच मांडीवर थाप मारून हसायला लागला. होडी एका अंगाला कलली की सगळ्यांनी दुसऱ्या अंगाला सरकायचं, हे त्याला बापाने सहाव्या वर्षी कानाखाली वाजवून शिकवलं होतं. नाही सरकलास तर पाणी आत येतं. पन्नास वर्षं त्याचं अंग हेच करत आलं होतं, त्याला विचारायचीही गरज ठेवली नव्हती. डांबरी रस्त्यावर तो गाडीत पाणी येऊ नये म्हणून बाहेर लटकत होता.

कैनातला हसता हसता ठसका लागला. सावरल्यावर तिने सीटवर थाप मारली.

"ही होडी नाही, काका. हिला झुकल्याशिवाय वळताच येत नाही. तुम्ही तिच्याबरोबर जायचं, तिच्या विरुद्ध नाही."

मग शिकवणी सुरू झाली. धर्माने घरून जाळं तरंगतं ठेवणारे नारिंगी बोये आणले होते, ते रस्त्यावर अंतराने मांडले. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक करकचून दाबायचा नाही, एक्सिलरेटर हळूहळू, एकसारखा द्यायचा, आणि डोळे वळण जिथे संपतं तिथे. बोयाकडे बघितलं की बोया उडणार, हे कैनातने सांगितलं आणि धर्माने पहिल्या तासात सात वेळा सिद्ध करून दाखवलं. आठव्या वेळी त्याने नजर दूरच्या विजेच्या खांबावर ठेवली आणि बोया जागच्या जागी राहिला. तो गाडी थांबवून मागे वळून बोयाकडे बघत राहिला. एवढा आनंद त्याला जाळ्यात घोळीसारखा महागडा मासा सापडल्यावर व्हायचा.

दुसऱ्या रविवारी कैनातने अवघड धडा काढला. जरा वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावा हात हळूच पुढे ढकलायचा, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे झुकते. तिला स्वतःला हे पटायला दीड महिना लागला होता, म्हणून ती सावकाश, रस्त्यावर खडूने रेघा ओढून समजावत होती. धर्मा मधेच उठून उभा राहिला.

"म्हंजे सुकान," तो म्हणाला. "हात एकीकडं, होडीची नाळ, तिचं तोंड, दुसरीकडं. आदी सांगायचं ना, पोरी."

आणि त्याने जाऊन ते केलं. पहिल्याच फेरीला, खडूच्या रेघांवरून, एखादी गोष्ट जन्मापासून येत असल्यासारखं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कैनात रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि हेल्मेटच्या आत धर्मा मोठमोठ्याने कोळीगीत म्हणत होता. अंगाने पाण्यावर जे शिकलं त्यातलं एक विसरायचं होतं आणि एक आठवायचं होतं, एवढीच भानगड होती. दोन्ही लक्षात आल्यावर त्याला आपण पंचवीस वर्षांचे झाल्याचा भास होऊ लागला.

तो आठवडा गावाला कठीण गेला. धर्मा नाक्यावर चहा घेताना झुकायचा, गल्लीतून चालताना कोपऱ्यावर खांदा खाली घालायचा, निकेशला जेवताना वळणाआधी वेग कसा सोडावा ते भाकरीच्या तुकड्याने दाखवायचा. म्हाताऱ्याला वात झाला असं कुणीतरी म्हणालं. धोंडूबाई सगळं बघत होती. कैनातने मात्र त्याला फार उडू दिलं नाही. तिसऱ्या रविवारी तिने मागे बसून त्याला अर्ध्याच वेगात वळणं घ्यायला लावली. मागे माणूस असला की गाडी जड होते, उशिरा थांबते, आणि मागच्याला विश्वास वाटला नाही तर तो आखडतो, हे तिने त्याच्याकडून दहा वेळा वदवून घेतलं. चौथ्या रविवारी तिने त्याच्या पाठीवर थाप मारून आता मी यायची गरज नाही, असं सांगितलं.

बारशाचा दिवस गुरुवार होता, म्हणजे बाजार थंड आणि सगळं गाव मोकळं. धर्मा धुतलेला शर्ट, बूट आणि हेल्मेट घालून दारात गाडीपाशी उभा राहिला. हातात दुसरं, नवंकोरं हेल्मेट होतं. धोंडूबाई नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून बाहेर आली, तिने गाडीकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं, आणि नाक्यावरच्या शिवाची रिक्षा हात करून बोलावली. बोललेला शब्द चार घरी गेलेला होता. ती रिक्षात बसली आणि रिक्षा निघाली.

क्षणभर धर्माला वाटलं, गाडी विकून टाकावी. मग त्याने दुसरं हेल्मेट हँडलला अडकवायला घेतलं, आणि वळताना ते आड येईल हे ध्यानात येऊन मागच्या सीटला घट्ट बांधलं. गाडी सुरू केली आणि रिक्षाच्या मागे लागला. निदान एका वेळी तरी पोचू, एवढीच त्याने मनाची समजूत घातली.

बेलापूरच्या आतल्या रस्त्याला पहिलं वळण आलं. रिक्षातून धोंडूबाईने डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. धर्माला तिच्याकडे बघायचं होतं, फार बघायचं होतं. पण बायकोकडे बघितलं तर गाडी बायकोवर जाईल, हे आता त्याला पुरतं कळलेलं होतं. त्याने वेग सोडला, नजर वळणाच्या पार टोकाला नेली, डावा हात ढकलला आणि गाडीबरोबर झुकला. दुसऱ्या वळणालाही तिचं डोकं बाहेर होतं. तो पुन्हा तिच्यावरून नजर पलीकडे नेऊन अलगद वळला. तिसऱ्या वळणाला ती कंबरेपर्यंत बाहेर आलेली होती आणि शिवा तिला आत बसा म्हणून ओरडत होता. धर्माने तेही वळण घेतलं. घेताना त्याला तोंडात मीठ लागलं, तेव्हा आपण रडतोय हे त्याला समजलं. काच खाली होती म्हणून बरं.

पुढच्या बसस्टॉपपाशी रिक्षा थांबली. धोंडूबाई खाली उतरली, शिवाला जायला सांगितलं, आणि बाजारात गिऱ्हाइकाकडे चालत जाते तशी ठाम पावलं टाकत गाडीपाशी आली. तिने अंबाड्यातली अबोली सोडून कनवटीला खोचली आणि हेल्मेटसाठी हात पुढे केला. पट्टा धर्माने बांधला. त्याच्या हातून तो तीनदा सुटला. आता बसायचं कसं, एका बाजूने की दोन्हीकडे पाय टाकून, हे तिने विचारलं, आणि दोन्हीकडे पाय टाकणं जास्त सुरक्षित असं कळल्यावर लुगडं सारखं करून ती टांग टाकून बसली. बसस्टॉपवरची माणसं उठून उभी राहिली. तिने धर्माच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं.

पहिल्या वळणाला धर्मा फार हळू गेला. ती आखडेल, उलटी कलेल, याची त्याला धास्ती होती. पण तो झुकला तशी तीही झुकली, तेवढीच, जरा कमी नाही की जास्त नाही. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीने भरलेली पाटी घेऊन गर्दीतून चाललेली ती बाई. आपलं वजन कुठे ठेवायचं हे तिला शिकवायला कैनातची गरज नव्हती. दुसऱ्या वळणाला तिने गाल त्याच्या पाठीला लावला, म्हणजे हेल्मेटच लागलं. तिसऱ्या वळणाला त्याला मागून बारीक आवाज आला. तिला काही झालं की काय म्हणून त्याचा जीव वरखाली झाला. मग कळलं, ती खिदळत होती.

करावे गाव आलं. गोजराच्या दाराशी मंडप दिसत होता, बायका वाट बघत उभ्या होत्या, दोघांना एका गाडीवर बघून त्यांचे हात हवेतच राहिले. धर्मा थांबायला वेग कमी करू लागला. हाच क्षण त्याने महिनाभर मनात शंभरदा बघितला होता. धोंडूबाईने त्याच्या खांद्यावर चापट मारली.

"थांबू नका."

"अगं, बारसं."

"पोराचं नाव दुपारी ठेवनार हायत, तवर पलून नाय जात ते. चालीस वर्सं मी धक्क्यावर उबी राहून तुमाला जाताना बगितलं. आज मी जातंय तुमच्याबरोबर. चला, जितं वलनं हायत तितं चला."

धर्माने मान हलवली. मंडपासमोरून गाडी सावकाश पुढे गेली. समोर उजवीकडचं वळण होतं. त्याने वेग सोडला, नजर पलीकडे नेली, आणि दोघं बरोबर झुकली.