विसाव्या झेंडीपाशी

अलकाताईंनी पुण्यात छत्तीस वर्षं शाळा चालवली आणि तेवढ्या वर्षांत ‘मला माहीत नाही’ हे शब्द एकदाही तोंडातून काढले नाहीत. कुणी काही विचारलं की आधी ठणकावून उत्तर द्यायचं, मग केबिनमध्ये जाऊन हळूच पुस्तक उघडायचं, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे इंग्लंडात डार्लिंग्टनला आल्या आणि पंचाईत अशी झाली की इथे त्यांना कुणी काही विचारेचना. मुलगा आणि सून, दोघंही जे काय विचारायचं ते फोनला विचारत.

म्हणून त्या जवळच्या टीसडेल दरीतल्या रानफुलांच्या गटात शिरल्या. दर शनिवारी सहा-सात जण कुरणात जमायचे आणि भिंग डोळ्याला लावून झाडं ओळखायला शिकायचे. शिकवायची देविका, लेस्टरला जन्मलेली, तिशीतली, वनस्पतिशास्त्रात पक्की आणि मराठीत बिनधास्त. तिचा नियम एकच होता: आधी वाकायचं, मग मोजायचं, नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. अलकाताईंचा क्रम नेमका उलटा.

मे महिन्यात त्यांनी दगडी कुंपणापलीकडचं एक पिवळं फूल लांबूनच पाहिलं आणि ‘ग्लोबफ्लॉवर!’ असं जाहीर करून टाकलं. आवाज असा, की सगळ्यांनी मुकाट वहीत लिहून घेतलं. गटात मार्गारेट नावाच्या ऐंशीच्या बाई होत्या, दोन बस बदलून यायच्या. त्यांनी हे फूल लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग देविका कुंपण चढून जवळ गेली, तर साधं बटरकप निघालं, अजून पुरतं न उमललेलं, म्हणून चेंडूसारखं गोल दिसणारं. मार्गारेटनी पुन्हा वही उघडली. पट्टी ठेवून त्यांनी वहीतली ती ओळ नीट खोडली. अलकाताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी परीक्षा ठरली. दरीतल्या एका शेतकऱ्याने आपलं ओढ्याकाठचं कुरण नोंदींसाठी खुलं केलं होतं. परीक्षेत पहिला येईल त्या एकाच माणसाने दर पंधरवड्याला जायचं आणि तिथे काय उगवलंय ते लिहायचं. अलकाताईंना ते कुरण हवं होतं, अगदी लहान मुलासारखं हट्टाने हवं होतं. आपल्यावर कुणीतरी काहीतरी सोपवावं, याची त्यांना भूक लागली होती.

नेहमीच्या कुरणात वीस लाल झेंड्या रोवल्या होत्या, प्रत्येकीपाशी ओळखायचं एक झाड. मार्गारेट नुसत्या हौसेने परीक्षेला बसल्या होत्या. खरा प्रतिस्पर्धी एकच, नागपूरचा शशिधर. न्यूकॅसलला सॉफ्टवेअरमध्ये, सगळी नावं तोंडपाठ. “काकू, टेन्शन नका घेऊ, ईझी आहे एकदम,” म्हणत तो पुढे सटकला.

अलकाताई प्रत्येक झेंडीपाशी वाकल्या. मेलन्कोली थिसलच्या पानाखाली पांढरी लव होती. यलो रॅटलची सुकी फळं कानाशी धरून हलवली तर खरंच खुळखुळली, आणि त्या एकट्याच हसल्या. एकोणीस नावं झाली, एकूणएक खात्रीची. गेल्या कित्येक महिन्यांत त्या इतक्या खूश नव्हत्या.

विसाव्या झेंडीपाशी नखाएवढं पांढरं फूल होतं, आत पिवळा ठिपका आणि जांभळ्या रेघा. हे आयब्राइट, यात शंकाच नाही. पण हातातल्या पुस्तकात आयब्राइटच्या वीस जाती, सख्ख्या बहिणींसारख्या, आणि कागदावर जात मागितलेली. पानाचे दात एकीशी जुळत, फुलाचं माप दुसरीशी. शेजारची चौदा रोपं त्यांनी तपासली. तीही तशीच. गुडघे बोलू लागले.

लिहून टाक काहीतरी, त्यांच्यातली मुख्याध्यापिका म्हणाली. शशिधर तर केव्हाच लिहून सँडविच खात बसला होता. जागा रिकामी सोडली तर कुरण हातचं गेलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात मार्गारेट हळूहळू शेजारी टेकल्या. “काय आहे हे?” त्यांनी कुजबुजत विचारलं. परीक्षेत चक्क कॉपी! पण अलकाताईंचं लक्ष त्यांच्या पेन्सिलीकडे गेलं. ती कागदावर टेकून तयार होती. अलकाताई जे म्हणतील ते आजही ही बाई लिहिणार होती.

“आयब्राइट,” अलकाताई म्हणाल्या. मग घसा खाकरला. “त्यापुढचं मला माहीत नाही.”

आभाळ काही कोसळलं नाही. त्यांनी तेच स्वतःच्या कागदावरही लिहिलं आणि जड मनाने कागद देऊन टाकला.

देविकाने कागद चाळले. “शशी, वीस नंबर तू कसा ठरवला?”

“बुकमध्ये पहिला फोटो त्याचाच होता ना,” शशिधर म्हणाला आणि स्वतःच आधी हसला.

“मावशी, तुम्ही?”

“पानं एकीची, फूल दुसरीचं. चौदा रोपं बघितली गं. मला खरंच माहीत नाही.”

“मला पण नाही माहीत!” देविका आनंदाने ओरडली. “तीन वर्षं येते मी या फूलकडे. दोन जातींचा मिक्स आहे असा वाटतो, पण आय कान्ट प्रूव्ह इट.” तिने अलकाताईंचा कागद घडी करून खिशात ठेवला. “कुरण तुमचा, मावशी. तुम्ही ‘माहीत नाही’ खरा लिहिला ना, म्हणून बाकीचे एकोणीस मी चेक पण नाही करणार.”

अलकाताई मटकन गवतात बसल्या. रडू येत होतं की हसू, त्यांना कळेना. मार्गारेटनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तीही चांगली जोरात.

दुपारी सगळी वरात शेतकऱ्याच्या कुरणाकडे निघाली. फाटकाशी शेतकरी उभा होता, गमबूट घालून, हाताची घडी घालून. त्याने अलकाताईंना आपादमस्तक न्याहाळलं.

“चाळीस वर्षं मेंढ्या चारतोय मी इथे,” तो म्हणाला. “माझ्या कुरणात आहे तरी काय काय?”

कुणीतरी विचारलं होतं! अलकाताईंना त्या शेतकऱ्याला मिठी मारावीशी वाटली.

“बघून सांगते,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढचे दोन तास त्या कुणाच्या हाती लागल्या नाहीत. उंच गवतातून त्यांची निळी टोपी तेवढी मधूनच वर यायची आणि लगेच खाली जायची.