फलटणचं तिकीट

माझं नाव रविंद्र. हे तीन शब्द लिहायला मला दोन सेकंद लागतात. म्हणायला किती लागतील ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर अवलंबून असतं. मी अडखळतो. कळायला लागल्यापासून अडखळतो, आणि गावात माझं नाव 'किक' पडलंय, कारण आमची गाडी एका किकमध्ये सुरू होत नाही. गावाला विनोद पटकन सुचतात आणि मग पंचवीस वर्षं बदलावेसे वाटत नाहीत.

अडखळणाऱ्याला एक विद्या आपोआप येते. जो शब्द अडणार तो दोन पावलं आधीच दिसतो, आणि तोंड तिथं पोचायच्या आत त्याच्या जागी दुसरा आणून बसवावा लागतो. 'पाणी' अडणार असं वाटलं की 'तहान लागली' म्हणायचं. बटाट्याला मला कधीच दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून लहानपणी एकदा दोन किलो कांदे घेऊन घरी आलो आणि मार खाल्ला. 'ब' तर माझा जन्माचा वैरी. इंदापूरहून बारामतीला जाताना मी कंडक्टरला 'शेवटचं द्या' म्हणायचो. एकदा गाडी फलटणची निघाली. मुकाट्यानं फलटणचं तिकीट घेतलं आणि बारामतीत उतरलो.

असं करता करता डोक्यात एकेका शब्दाचे चार-चार भाऊबंद जमा झाले. त्यांचं काय करायचं हे मात्र 'तोडीस तोड' सापडेपर्यंत कळलं नव्हतं.

हा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप. चालवणारे आप्पासाहेब सोमेश्वरनगरचे, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. कुणाच्या उसाला कधी तोड येणार, म्हणजे तोडणारी टोळी कुणाच्या रानात कधी उतरणार, याच्या याद्या त्यांनी बत्तीस वर्षं केल्या. ग्रुपचं नाव त्यातूनच आलं. रोज संध्याकाळी सातला ते एक शब्द टाकतात. पाच मिनिटांत त्या शब्दावर कोटी करायची, अर्थ किमान दोन निघाले पाहिजेत. बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माधवी मॅडम निकाल देतात, आणि त्यांच्या निकालावर रात्रीपर्यंत भांडणं चालतात.

मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत लेथ चालवतो. मशिनच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली. ग्रुपवर माझी पहिली कोटी 'पाळी' या शब्दावर होती. मी लिहिलं, 'कंपनीत माझी पाळी असली की शेतात पाण्याची पाळी येते, आणि मग साहेबांपुढं रजेसाठी हात जोडायची पाळी येते.' आप्पासाहेबांनी तिच्यावर लाल बदाम टाकला. दुसऱ्या आठवड्यात 'गाळणे' आला. मी टाकलं, 'शाळेत गाळलेल्या जागा भरत होतो, आता कारखान्यावर उसाच्या भरलेल्या गाड्या गाळताना बघतो.' त्या दिवशी एकवीस माणसं हसली. मी मोजली होती. मला हसणारी माणसं मोजायची जुनी सवय आहे, पण त्यात आनंद पहिल्यांदाच झाला.

ग्रुपवर माझ्या आधी युवराजची चलती होती. बारामतीत त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि बाहेर त्यानं स्वतः पाटी लावली आहे, 'सुटे भाग मिळतील, सुटे मिळणार नाहीत.' माणूस दिलदार, पण हरायची सवय नाही. मी सलग चौथ्यांदा जिंकलो तेव्हा त्यानं ग्रुपवर उघड लिहिलं की हा रविंद्र कधी फोन उचलत नाही, कधी व्हॉइस नोट टाकत नाही, पाच मिनिटांतली दोन मिनिटं उरवून कोटी पाठवतो. हा नक्की एखाद्या ॲपला विचारून लिहितो.

मी लगेच टाकलं, 'ग्रुपला आप्पा असताना ॲप कशाला?' सगळे हसले. पण हसून झाल्यावर प्रश्न तसाच राहिला. माधवी मॅडमनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, खरंच तसं काही नाही ना? हे मला लागलं. युवराजचं नाही लागलं तेवढं लागलं.

शेवटी आप्पासाहेबांनी जाहीर केलं की रविवारी सगळ्यांनी बारामतीत भेटायचं. फोन एका डब्यात ठेवायचे. प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि जागेवर एक कोटी करायची. खऱ्याखोट्याचा तिथंच निकाल.

कोटीची मला भीती नव्हती. भीती नावाची होती. पाण्याला तहान सापडते, पण आपल्या नावाच्या जागी दुसरं नाव सांगता येत नाही. 'र'वर मी जेवढा अडतो तेवढा 'ब'वरही अडत नाही. त्या ग्रुपवर मी हुशार होतो. जगात दुसरीकडं कुठंच नव्हतो. गेलो तर तिथंही 'किक' होणार. नाही गेलो तर लबाड ठरणार. शनिवारी मी ग्रुप सोडायच्या बटणापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. बायकोला, प्रगतीला, सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बारा वर्षं तुमचं ऐकतीय मी. मला काय झालंय? जावा."

मार्केट यार्डासमोरच्या हॉटेलच्या वर छोटा हॉल होता. माझ्याशिवाय एकोणीस जण आले होते. चहा झाला, भेळ झाली, फोन स्टीलच्या डब्यात गेले. युवराजनं उभं राहून सुट्या भागांचीच कोटी सांगितली आणि शिळी म्हणून शिव्या खाल्ल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी उठलो. 'माझं नाव' इथपर्यंत गाडी सरळ आली आणि 'र'ला बंद पडली. जबडा आवळला, मान डावीकडं गेली, डोळे मिटले. अशा वेळी काही माणसं छताकडं बघतात, काही हसू दाबतात, आणि भली माणसं माझा शब्द माझ्याऐवजी पूर्ण करतात. मला सगळ्यांत जास्त राग या भल्या माणसांचा येतो.

डोळे उघडले तर कुणीच छताकडं बघत नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस माणसं पुढं झुकून बसली होती. चेहरे खुलले होते. आधी मला कळलंच नाही काय चाललंय, आणि कळलं तेव्हा हसावं का रडावं समजेना. ती कोटीची वाट बघत होती. रविंद्र नावावरच थांबलाय, म्हणजे नावाची काहीतरी भारी फोड करणार, असा त्यांचा समज झाला होता. माधवी मॅडमना तेवढी खऱ्या अडचणीची शंका आली असावी. त्यांनी मला मदत करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पासाहेबांनी हात वर केला.

"सांगू नका, मॅडम. त्यांचं त्यांना येऊ द्या."

आयुष्यात माझा शब्द पूर्ण करणाऱ्याला कुणी अडवल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी पुन्हा 'र' धरला. सुटला. पुन्हा धरला. घाई कुणालाच नव्हती, मग मलाही राहिली नाही. पंधरा-वीस सेकंदांनी 'रविंद्र' अख्खा बाहेर आला, आणि मी खाली बसलो.

हॉल अजून वाट बघत होता. युवराज म्हणाला, "आन् कोटी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मुद्दाम थांबलो होतो, लोकांची गंमत केली, असं सांगून सुटलो असतो. पण लबाड नाही एवढंच सांगायला तर आलो होतो. खिडकीतून समोरच्या गाळ्याची पाटी दिसत होती, 'भुसार मालाचे अडते', म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर अडत, दलाली, घेणारे. मी परत उभा राहिलो आणि तिच्याकडं बोट केलं. पुढची वाक्यं बोलताना मी चार ठिकाणी थांबलो, ती ठिकाणं इथं लिहीत नाही.

"त्या पाटीवर लिहिलंय, अडते. माझी जीभबी अडते. पन मी अडत घेत न्हाय."

आधीचं थांबणं काय होतं ते सगळ्यांना एकदम कळलं. मग आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि हॉल हसला. लोक माझ्यावर खूप हसलेत. माझ्या तोंडून आलेल्या वाक्यावर हसणारी ही पहिलीच माणसं, आणि यावेळी मी ती मोजली नाहीत.

युवराज भेळेची डिश घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ कांदा निवडत राहिला. मग म्हणाला, "ॲप असतं तर अडलं नसतं. माणूसच हायेस लेका. चुकलं माझं."

परत निघताना जिन्यात आप्पासाहेब भेटले. मी त्यांना विचारलं की तुम्हालाही कोटीच वाटली होती ना. विचारायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात ते कठड्याला टेकून उभे राहिले.

"पैल्यांदा कोटीच वाटली. मग कळलं," ते म्हणाले. "तोड यायला उशीर व्हतो कधी कधी, रविंद्रराव. म्हणून दुसऱ्याच्या रानात शिरून त्याचा ऊस आपण तोडत न्हाय."

पुढच्या महिन्याच्या भेटीला मी इंदापूरहून गाडी पकडली. कंडक्टर आला. मी 'ब' धरला आणि तो नेहमीप्रमाणे रुसला. दोन-तीन सेकंद गेल्यावर कंडक्टर म्हणाला, "बारामती का?" माणूस भला होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. मागच्या सीटवरून कुणीतरी आवरायला सांगितलं, पण मला कुठं घाई होती, मी तर गाडीत बसलेलोच होतो. गाडी फलटणचीच होती. तिकीट मात्र बारामतीचं निघालं.