सतरावा आरा

आडवं

सावेडीतल्या महेंद्रच्या घरी, मागच्या खोलीत, सत्त्याण्णव साली एक यंत्र उभं होतं. टेबलाएवढं. सांगाडा त्याचा मित्र हारिस यानं लेथवर केलेला, मोटारी भंगारातल्या, वायरिंग महेंद्रचं. दोघंही एमआयडीसीत कामाला. हे मात्र निव्वळ हौसेपोटी. कॉम्प्युटर आकडे सोडायचा, मोटारी तेवढ्याच सरकायच्या आणि टोकाचं कटर धातूत रेघ कोरायचं.

आकडे कुठल्या प्रोग्रॅमनं सोडायचे, यावर दोघांचं जमेना.

"डॉस," हारिस म्हणायचा. "काळा पडदा, पांढरे आकडे. दिसायला भिकार, पण एका वेळी एकच काम करतं."

"विंडोजवर चित्र दिसतं."

"चित्रच बघायचंय तर टीव्ही घे की!"

उभं

महेंद्रला चित्र हवं होतं ते आईसाठी. चांगुणाबाई शेवगावकडं राहायची. वस्तीवर नवं विहार झालं होतं. त्याच्या दारावरचं पितळी धम्मचक्र माझ्या पोराचं मशीन कोरणार, असं ती सगळीकडं सांगून बसली होती. बाया हसल्या होत्या. आता त्याच बायांना घेऊन ती बघायला येणार होती. वस्तीनं पितळेचा पत्रा दिला होता, तो एकच. तो बिघडला तर चांगुणाबाईला वस्तीत मान वर करायची सोय नव्हती.

नुसते आकडे बघून बायांना काय कळणार? इकडं पितळेत आरा उमटला की तिकडं पडद्यावर दिसला पाहिजे. महेंद्रनं विंडोजवर लाकडात दोन चाकं कोरून पाहिली, शेजारी बसून, माउसचा बाण आऱ्यांमागून हौसेनं फिरवत. चाकं झकास आली. हारिसनं डॉसचं नाव काढणं सोडलं.

खोल

रविवारी बाया आल्या. पितळ सुरू झालं. चाकाची धाव गोल आली, आरे पडू लागले. महेंद्र बाण फिरवून दाखवत होता. डझनभर आरे झाले असतील, तोच चांगुणाबाई म्हणाली, "आगं बया! वंदना म्हणायची राह्यली की! तसंच सुरू केलं व्हय रं?"

यंत्र मध्येच थांबवायची महेंद्रला छाती होईना. ते चालूच राहिलं आणि सगळे उभे राहिले. महेंद्रनं माउस सोडून हात जोडले. हारिसही मागं अदबीनं उभा राहिला. बायांनी त्रिसरण, पंचशील सावकाश, सुरात, डोळे मिटून म्हटलं. सतरावा आरा निम्म्यावर आला आणि

तारे.

पडद्यावर तारे उडत होते. बराच वेळ माउसला कुणी हात लावला नाही, म्हणून विंडोजनं आपला खेळ मांडला होता आणि त्यात आकडे अडकले होते. मोटारी कण्हल्या, अडखळल्या, पुन्हा चालू लागल्या. हारिसनं धावत जाऊन बटण दाबलं.

उशीर झाला होता. आरा अर्ध्यातून बाजूला गेला होता, मोडक्या काडीसारखा.

"चांगुणे, तुज्या मशीनला डुलकी लागली गं," त्यांतली रंगुबाई म्हणाली. बाया पदराआड हसल्या.

"कॉम्प्युटरला डोळे नाहीत, मावशी," हारिस म्हणाला. "किती सांगितलं ते मोजतो. मोटार खरंच किती गेली, ते बघत नाही."

चांगुणाबाईनं आऱ्यावरून बोट फिरवलं, पत्र्याच्या कडेला आणलं, खाली नेलं.

"पाठ कोरी हाय न्हवं?"

परत शून्यावर

पत्रा उलटा बसवला.

"तारे बंद करून टाकतो," महेंद्र म्हणाला. "विंडोजच राहू दे. आईला चित्र..."

"कंचं चित्र?" चांगुणाबाई म्हणाली. "म्या त्या डब्याकडं कवा बघितलं? कोरतंय तिकडं बघत हुते."

हारिसनं डॉसची फ्लॉपी पुढं केली. महेंद्रनं ती घातली. काळा पडदा, पांढरे आकडे.

"आता वंदना नंतर करू," रंगुबाई म्हणाली.

"न्हाई. आत्ताच."

पुन्हा सगळे उभे राहिले. महेंद्रनं हात जोडले, पण या खेपेला डोळे उघडे ठेवले. आकडे पळत राहिले. सतरावा आरा सरळ आला, मग अठरावा, मग उरलेले.

मागची बिघडलेली बाजू घासून गुळगुळीत करायला महेंद्रनं पॉलिशपेपर काढला, तर चांगुणाबाईनं पत्रा ओढून घेतला.

"राहू दे. भिताडाकडंच जायाचंय ते. आन् रंगीला गावभर सांगायला कायतरी नगं का?"