बादलीत भिजवलेले कपडे

मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. डाग कुठलाही असो, मी काढते. शाईचा, गंजाचा, रक्ताचा. रक्ताला गार पाणी लागतं, हे दर वर्षी नव्या मुलींना सांगते आणि दर वर्षी त्या खिदळतात. माझी जीभ तिखट आहे, सगळ्या मला टरकून असतात, आणि तरी ताप आला की माझ्याच खोलीत येऊन झोपतात.

त्यातलीच एक खारूताई. पहिल्या वर्षी हिने कपाटात इतके शेंगदाणे साठवले की अख्ख्या मजल्यावर मुंग्या झाल्या, तेव्हापासून हे नाव. एवढीशी पोरगी, पण बोलायला लागली की ऐकणाऱ्याचे कान किटतात. बुधवारी दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि एक शब्द बोलेना. मी म्हटलं, "काय गं, आज मौनव्रत का?" तिने वर पाहिलं, तशी मी तिला आत घेऊन खाटेवर बसवलं.

"मावशी, प्रोजेक्टच्या खोलीत... त्या शेवटच्या वर्षाच्या मुलानं दार लावून घेतलं. मी नको नको म्हणत होते."

पुढचंही तिने सगळं सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. मी तिला जवळ घेतलं, तुझं काही चुकलेलं नाही म्हटलं. एवढं बरोबर केलं. मग मात्र माझ्या हातांनी त्यांना येतं तेच केलं. पाणी तापवलं, तिला डोक्यावरून अंघोळ घातली, माझा गाऊन दिला, आणि तिचे कपडे बादलीत भिजवून, साबण लावून, खसाखसा घासून दोरीवर टाकले. एकही डाग राहिला नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे सांगायची आज लाज वाटते.

तिचा डोळा लागल्यावर मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कपडे कुठे आहेत?"

"धुतले."

ते खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नाही, पण त्या घटकेला सुटल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला. "मग पुरावाच राहिला नाही, मेट्रनबाई. पोलिसांत जाऊन पोरीचीच शोभा होईल. महिनाभराने आपली कॉलेजची तक्रार समिती बसेल, तिच्यात बघू. त्या मुलाची परीक्षाही तोंडावर आहे. तुम्ही तिला समजवा, ती तुमचं ऐकते."

म्हणजे पोरीची तक्रार मीच धुऊन टाकली? जिना उतरताना ठरवलं, कपड्यांबद्दल तिच्यापाशी अवाक्षर काढायचं नाही. पण खोलीत आले तर ती उठून बसलेली. "मावशी, पोलिसांकडे कधी जायचं?" तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमेना. सांगून टाकलं. तिने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, मला तरी कुठे माहीत होतं? चला."

चौकीत आम्हाला बाकावर ताटकळत बसवतील, येणारेजाणारे टकामका बघतील, असं मी धरूनच चालले होते. पण तिथल्या अधिकारी बाईंनी आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. "घाई नाही. एकदाच नीट सांग, मी लिहून घेते, म्हणजे दहा जणांपुढे तेच तेच सांगावं लागणार नाही. आठवत नसेल ते आठवत नाही म्हण. घरी कधी कळवायचं ते तू ठरव." तू तिथे गेलीसच कशाला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मी धुतलेल्या कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"अहो बाई, कपडे न धुता कागदी पिशवीत घालून आणायचे असतात! एकोणीस वर्षांत कॉलेजने हे एकदाही सांगितलं नाही?"

"चादरी किती दिवसांनी बदलायच्या ते सांगितलंय," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "असू दे, हेही तपासायला पाठवू. अंघोळ झाली तरी डॉक्टरांची तपासणी होते, आता लगेच जाऊ. ती खोलीही आजच ताब्यात घेते. आणि तिने सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं, म्हणून तुमचा जबाब मोलाचा आहे. पण त्यात कपडे धुतल्याचं यायला हवं, प्राचार्य काय म्हणाले तेही. कोर्टात समोरचा वकील तुम्हाला सोडणार नाही, आणि नोकरीचं तुमचं तुम्ही बघा."

मी लिहायला घेतलं. 'तिचे कपडे मी' इथवर आले आणि हात थांबला. नोकरी गेली चुलीत, पण हे वाक्य लिहिलं की पोरीची केस बुडाली, आणि बुडवणारी मी, असंच वाटत होतं. कपडे तिनेच धुतले होते असं लिहिलं, तर कोणाला कळणार होतं? डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली.

खारूताईने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि कागदात डोकावली. "थांबलात का? लिहा ना पुढे, 'तिचे कपडे मी धुतले'."

"अगं, त्यानं तुझं नुकसान होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. "मी माझ्या कागदावर सगळं खरं लिहून दिलंय, मावशी. ते खरं आहे म्हणून सांगायला तुम्ही एकट्याच आहात. तुमच्या कागदावर एक जरी खोटं निघालं, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मी वाक्य पुरं केलं आणि खाली सही केली.