हाकेची पारख

अर्पिताच्या बारशाला तिचे नाव पहिल्यांदा तिच्या कानात सांगण्याचा मान आत्या म्हणून पुष्पाबाईंचा होता. पाळण्यावर वाकून त्यांनी 'कुर्रर्र' केले, नाव उच्चारले, आणि रीतीप्रमाणे भोवतालच्या बायांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. एवढ्या गलबल्यात बाळाची पापणीही लवली नाही. "केवढी शहाणी पोर! दचकली सुदिक न्हाई," असे कौतुक झाले, आणि त्या कौतुकात पुष्पाबाईंचाच स्वर सर्वांत वरचा होता.

त्या गोष्टीला आता पावणेचार वर्षे लोटली होती. पुष्पाबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही धावडा गावातच. आणि गावच्या अंगणवाडीत त्या बावीस वर्षे सेविका होत्या. गावातली निम्मी तरणी पिढी त्यांच्या वजनकाट्यावर रडून गेली होती. कोणते लेकरू कधी रांगले, कधी उभे राहिले, हाकेला कधी ओ देऊ लागले, हे त्या स्वतः पारखून मगच नोंदवहीत खूण करीत. विद्येचा आरंभ श्रवणाने होतो, ऐकलेले आत मुरते आणि मग वाणीवर येते, असे जुने जाणते सांगत आले. पुष्पाबाईंना हे कुणी शिकवले नव्हते. लेकरांच्या सहवासातच ते त्यांना उमगले होते.

आश्विनातल्या एका सकाळी मदतनीस ताराच्या हातून खिचडीच्या पातेल्याचे झाकण सुटले आणि मागच्या पडवीत खणखणत गेले. खोलीतली चौदा लेकरे एकदम वळली. पंधरावी मणी ओवीत राहिली. शेजारच्या मुलाचे तोंड फिरलेले तिला दिसले, तेव्हा कुठे तिनेही मान वळवली. ती पंधरावी अर्पिता होती.

मग तीन दिवस पुष्पाबाईंनी कुणालाही काही न सांगता पारख केली. समोर बसून "आपू, बाहुली दे" म्हटले की पोर बाहुली देई. तोंडावर पदर धरून तेच म्हटले की ती आत्याच्या डोळ्यांकडे पाहून गोड हसे आणि बसून राही. पाठीमागून वाटीवर चमचा वाजवला, तर तिच्या हातातला मणी हललाही नाही.

तिसऱ्या दिवशी लेकरे घरी गेल्यावर त्यांनी नोंदवही उघडली. 'नाव घेतल्यावर वळते', यापुढे बरोबरची खूण होती. अक्षर त्यांचेच. साऱ्या गावाची लेकरे त्यांनी पारखून लिहिली होती. भाची तेवढी मायेने लिहिली होती. घरातलीच पोर, तिला काय तपासायचे! पुष्पाबाईंनी ती खूण शाईने खोडली, शेजारी त्या दिवसाची तारीख घातली, वही पिशवीत टाकली आणि माहेरची वाट धरली.

ओसरीवर त्यांचे वडील धर्मराज आपल्या लाकडी दिवाणावर बसले होते. त्याच दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसून अर्पिता चिंचोके मांडीत होती. भाऊ हरिओम रानात गेला होता. त्याची बायको, अर्पिताची आई सुरेखा, तांदूळ निवडीत होती.

"दादा, आपूला गुरुवारी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय. कानाच्या तपासणीच्या यादीत नाव घालते तिचं," पुष्पाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"कानाला काय झालं तिच्या?"

"तिला ऐकू येत न्हाई."

धर्मराज हसले. "बाई, तू सेविका हायेस का डाक्टर? हरिओम चार वर्षांचा होईस्तोवर कुठं बोलला होता? आता गप बस म्हणलं तरी बसत न्हाई. बापावर गेली पोर."

"हरिओम बोलत नव्हता, पण हाकेला पळत यायचा. मीच खेळवलाय त्याला."

"मंग ही बी येती. बघ." धर्मराजांनी दिवाणाच्या फळीवर थाप मारली आणि हाक दिली, "आपू!"

अर्पिता चटकन वळली आणि आजोबांकडे पाहून हसली.

"बघितलं? बिलकुल बराबर हाय पोर. तुमच्या सरकारी यादीत माझ्या नातीचं नाव घालू नको. उद्या गावात बहिरी म्हणतील. पुढं लग्नाच्या टायमाला तू येणार हायेस का जबाब द्यायला?"

सुरेखाचे हात सुपात थांबले होते. पुष्पाबाईंनी अर्पिताला उचलून कडेवर घेतले, अंगणात निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि पोरीचे तोंड वेशीकडे केले.

"आता मारा हाक, दादा. थाप नका मारू. निसती हाक."

"आपू!" धर्मराज म्हणाले.

पोर आत्याच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती.

"आपू! ए अर्पिता!"

दावणीचे वासरू कान टवकारून पाहू लागले. धर्मराज उठून उभे राहिले आणि तरुणपणी या शिवेवरून त्या शिवेवरच्या गड्याला बोलावीत त्या आवाजात त्यांनी नातीचे नाव घेतले. निंबावरचे राघू भर्रकन उडाले. त्यांची सावली अंगणातून गेली, तेव्हा अर्पिताने वर पाहिले आणि बोट दाखवले.

सुरेखा सूप ठेवून अंगणात आली.

"मी बी पाय आपटूनच हाक मारते, वन्सं," सुरेखा हळूच म्हणाली. "कधीपासून, ते मलाच ठाऊक न्हाई. पाय आपटला की वळती. सगळेच तसं करून राह्यले घरात."

धर्मराज दिवाणावर बसले. आपण थाप मारली त्या फळीकडे ते पाहत राहिले.

"तू तर गावातली लेकरं पारखतीस," ते म्हणाले. "आपल्याच घरचं तुला कसं कळलं न्हाई?"

हा प्रश्न येणार, हे पुष्पाबाई जाणून होत्या. त्यांनी नोंदवही काढून खोडलेली खूण वडिलांच्या पुढे धरली. "न तपासता खूण केली मी, दादा. दोन वर्षं वाया गेली, ती माझ्यामुळं. पण साळंत नाव घालायला अजून दोन वर्षं हायेत. आत्ता यादीत नाव न्हाई घातलं, तर तिथं मास्तर तिला ढ म्हणून मागं बसवतील, अन् ती का मागं बसली हे तिला सांगायला बी येणार न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलात, तरी मी नेणार. सुरेखा, तू येतीस ना?"

"येते," सुरेखा म्हणाली. सासऱ्यांसमोर इतके स्पष्ट ती प्रथमच बोलली असावी.

"तुम्ही दोघी बायका जालन्यात कुठं हुडकत फिरणार?" धर्मराजांनी पागोटे जवळ ओढले. "मी येतो. सकाळची एस्टी जल्दी निघती, टायमावर या."

तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार थोडे ऐकू येते, परंतु कानात घालायच्या यंत्राने पुष्कळ लाभ होईल आणि वय अजून हाती आहे, असे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितले. आणखी तीन खेपा झाल्या. यंत्रे बसली तेव्हा अर्पिता प्रथम दचकली आणि मोठ्याने रडू लागली. आपलेच रडणे कानी पडून आणखी रडली. सुरेखाही रडत होती, पण हसत.

गावी परतल्यावर पुष्पाबाईंनी पहिले काम केले ते अंगणवाडीत. उरलेल्या चौदाही लेकरांना एकेक करून पाठमोरे बसवले, तोंडावर पदर धरला आणि नावे घेतली. मग वहीत नव्या खुणा केल्या. भाचीसाठी मात्र त्या रोज दुपारी माहेरी जात आणि भाकर, पाणी, चिमणी असे एकेक शब्द तिच्या कानाशी पुनःपुन्हा म्हणत. पंधरवडा गेला, महिना गेला. पोर कधी यंत्र ओढून काढी, कधी नुसतीच पाही. पुष्पाबाई यंत्र पुन्हा लावीत आणि पुन्हा आरंभ करीत.

पौषातल्या एका दुपारी त्या आल्या, तेव्हा अर्पिता दिवाणावर पाठमोरी बसून चिंचोके मांडीत होती. धर्मराजांनी सवयीने थाप मारायला हात उचलला, आलेल्या लेकीकडे पाहिले आणि हात तसाच वर धरला.

"आपू," ते म्हणाले.

चिंचोके मांडणे चालू होते.

"आपू."

पुष्पाबाई उंबऱ्यातच थांबल्या. धर्मराजांनी हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने दाबून धरला, आणि पोटातून, पण न ओरडता, तिसऱ्यांदा नाव घेतले. अर्पिताचा चिंचोका बोटांत राहिला. तिने आधी निंबाकडे पाहिले, मग दाराकडे, आणि मग, आवाज कुठून आला ते शोधीत शोधीत, आजोबांकडे वळली.