बंबासाठी रुसवा

बंब पेटत नव्हता, आणि का पेटत नव्हता हे साऱ्या घरात एकट्या भिमाजीला ठाऊक होतं.

सत्तर सालची दिवाळी तोंडावर आलेली. लेक विजयमाला लग्नानंतर पहिल्यांदाच दिवाळसणाला भिंगारजवळच्या वाडीवर आली होती, सोबत जावई मच्छिंद्र. आता जावयाला पहाटे उटणं लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तर न्हाणीतल्या तांब्याच्या बंबानं ऐन वेळेला दगा दिलेला. मधल्या नळ्यात लाकडं घालावीत, जाळ धरावा, तोच आतून चुर्र चुर्र आवाज यायचा आणि नुसता धूर. फुंकून फुंकून भिमाजीच्या बायकोचे, झुंबरबाईचे, डोळे लालभडक झाले.

“लाकडंच वली हायती तुझी!” भिमाजी ओट्यावरून ओरडायचा. “कितींदा सांगितलं, लाकडं जरा बघून रचत जा!”

झुंबरबाई पुन्हा फुंकणी उचलायची. तिचं ते फुंकणं भिमाजीच्या काळजाला घरं पाडत होतं, पण काय करता? एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं आपोआप तोंडात येतं, तसं त्याचं झालं होतं.

हा बंब झुंबरबाईच्या माहेरचा. पोरीला बाळंतपणात चुलीवर हंडे तापवावे लागतात म्हणून तिच्या बापानं भिंगारच्या बाजारातून घेतला आणि बैलगाडीत गवतावर निजवून आणला होता. बाप गेला, बंब राहिला. दर दिवाळीच्या आधी ती तो रिकामा करायची, चिंच लावून घासायची आणि घासता घासता त्याच्याशी काहीबाही पुटपुटायची. भिमाजीनं ते ऐकलं होतं, पण कधी चेष्टा केली नव्हती.

आणि नेमका घोळ तिथंच झाला. लेक-जावई आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भिमाजीला पहाटे जाग आली, लई उमाळा आला, म्हटलं आज आपणच पाणी तापवून सगळ्यांना चकित करू. आदल्या रात्री झुंबरबाईनं घासून लख्ख करून ठेवलेला बंब त्यानं बाभळीनं गच्च भरला, पेटवला आणि शेजारच्या छगनशी गप्पा हाणत बसला. परत येऊन तोटी सोडली तर टिपूस नाही. झाकण काढलं तर आत ठणठणाट! हबकून त्यानं बादलीभर गार पाणी ओतलं, तसा बंब असा किंचाळला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. घरातली उठून आली तेव्हा हा गडी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं म्हशीला गोंजारत उभा होता.

छगन लग्नांत गॅसबत्त्या लावायचा, त्यामुळे पेटणाऱ्या हरेक वस्तूवर त्याचं मत असायचं. त्यानं बंबाभोवती फेरी मारली आणि निदान केलं, “नजर लागली. इतका चकाकता ठिवायचा असतोय व्हय?” झालं, तोटीला लिंबू-मिरची लटकली. बंब तरीही पेटला नाही.

खरी भीती जावयाची होती. मच्छिंद्र कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. “आमचं जावई बॉयलर चालवत्यात!” असं भिमाजीनंच गावभर मिरवलं होतं. आता तेच अंगाशी आलेलं. ओट्यावर पान चघळत बसलेला जावई न्हाणीतला आवाज ऐकून कान टवकारायचा आणि त्याची बोटं वळवळायची.

“मामा, जरा बघू का?”

“छ्या छ्या! दिवाळसणाला जावयानं काडीला हात लावायचा न्हाई. लोकं तोंडात शेन घालतील माझ्या.”

पुन्हा एकदा मच्छिंद्र हात धुण्याचं निमित्त करून न्हाणीकडं निघाला, तर भिमाजी दारात आडवा. “पानी हितं आनून देतो की, तुमी बसा!” जावयाचा असा मान वाडीत आजवर कुणी ठेवला नव्हता.

दुपारी पानं वाढली. सगळ्यांनी घास घेतला, जावयाचा हात काही पानाकडं जाईना.

“घ्या की, जावईबापू,” झुंबरबाई म्हणाली.

“मी रुसलोय,” मच्छिंद्र मान खाली घालून म्हणाला.

घरात एकदम आनंदीआनंद! दिवाळसणाला जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं मागेल ते देऊन समजूत घालायची, हा रिवाजच. भिमाजी तयारीत होता. हसत म्हणाला, “घड्याळ आनून ठिवलंय पेटीत.”

“घड्याळ नको.”

“मंग सायकल?”

“न्हाई.”

“रेडिओ म्हंता का काय आता?”

“मला बंब उघडू द्या,” जावई म्हणाला. “तवर जेवायचा न्हाई.”

झुंबरबाई पदरात तोंड घालून खुदखुदली. “द्या की वो! दुसऱ्याचं जावई मोटारी मागत्यात!” भिमाजीच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला. जावयाला कामाला लावायचं नाही हा रिवाज, आणि रुसल्या जावयाला नाही म्हणायचं नाही हाही रिवाजच. पाणी पिऊन त्यानं कशीबशी मान हलवली.

जेवण होताच मच्छिंद्रनं सदरा काढला. छगनही बघायला येऊन उभा राहिला. बंबातलं पाणी सोडून दिलं, न्हाणीच्या दाराशी उन्हात आडवा केला, आणि विजयमालेचा आरसा मागून उन्हाची तिरीप थेट नळ्यात टाकली. डोळा बारीक करून बघितलं, आत हात घालून जोडावरून बोटं फिरवली. मग खालची राख चाळली आणि हरभऱ्याएवढा चकाकता मणी काढून तळहातावर धरला.

“लाकडांचा काय दोष न्हाई. नळ्याचा जोड कथलाची झाळ देऊन सांधल्याला हाय, ती झाळ वितळून पडलीय. पानी जाळावर ठिबकतंय, मंग जाळ कसा टिकंल?” आपल्या कामात रंगलेला माणूस, बोलून गेला, “कुनीतरी रिकामाच पेटवला हा. आमच्याकडं आसं केलं तर मानसाला घरी बसवत्यात.”

झुंबरबाई गर्रकन लेकीकडं वळली. ह्या दिवसांत बंबापाशी विजयमालाही बसली होती. “माले! तू पेटवलास? माज्या बाबाचा बंब गं तो! सासरी जाऊन हेच शिकलीस का?”

विजयमालेचा चेहरा उतरला. नवऱ्यादेखत बोलणी खाल्लेली, डोळे डबडबले. मच्छिंद्र मणी मुठीत लपवून “जाऊ द्या मामी, जाऊ द्या” करू लागला. भिमाजीला क्षणभर वाटलं, गप्प बसलं तर निभावतंय. लेक चार दिवसांची पाहुणी, जाईल, विसरेल. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

“तिला नको बोलू,” तो म्हणाला. “म्या पेटवला. रिकामाच. आन्‌ वर गार पानीबी म्याच ओतलं.”

छगन लिंबू-मिरचीकडं बघत राहिला. झुंबरबाई सावकाश नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि भिमाजीनं ठरवून टाकलं की आता दिवाळी गोठ्यातच काढायची.

“बंबाचं सोडा,” ती म्हणाली. “तांबं हाय, जोडता यील. पन माज्या लाकडांना शिव्या घातल्या ना तुमी? आख्खा पावसाळा वळचनीला रचून, उलटून पालटून वाळवलीत ती म्या! वली म्हनं! उठा. त्यांची माफी मागा.”

“लाकडांची?”

“मंग काय माजी मागताय?”

भिमाजी टोपी सावरत वळचणीला गेला आणि सरपणाच्या ढिगापुढं हात जोडून पुटपुटला.

“मोठ्यानं!” छगन ओरडला, आणि विजयमाला भरल्या डोळ्यांनीच फिसकन हसली.

मग काय, घराला कामाचं उधाण आलं. छगननं गॅसबत्त्यांना डाग द्यायचं सामान आणलं, कथील आणि नवसागर. मच्छिंद्रनं जोड खरवडून लख्ख केला. बंब उलटासुलटा धरायचं काम सासऱ्याकडं. नवसागराच्या धुरानं सगळी खोकून बेजार, आणि भिमाजीचं तोंड काजळीनं असं माखलं की म्हशीनंही ओळखलं नसतं. बंबात पाणी भरून नळ्याखाली कोरडी राख पसरली. बराच वेळ वाट बघितली. राख कोरडीच राहिली.

“पानी हाय तवर झाळेला धक्का न्हाई,” जावई म्हणाला. “दिवाळी झाली की तांबटाकडनं पक्की करून घ्या.”

त्याच ओल्या म्हटलेल्या लाकडांनी बंब पेटला. संध्याकाळी तोटीतून वाफाळती धार घंगाळात पडली तेव्हा झुंबरबाई म्हणाली, “जावईबापू, तुमची आंघूळ परवा. आज पैलं पानी ह्यांना. पोळलं तर ह्यांनाच पोळू दे.”

भिमाजी मुकाट्यानं न्हाणीच्या दगडावर उकिडवा बसला. तिनं दार लोटून घेतलं आणि तांब्या भरला.

“मला सांगायला भ्यालात व्हय?” तिनं हळूच विचारलं.

“तुज्या बाबाची वस्तू. तुला रडताना बघवलं नसतं.”

तिनं तांब्या त्याच्या डोक्यावर रिकामा केला आणि मानेवरची काजळी तळहातानं चोळू लागली.

“लई कढत हाय गं,” भिमाजी म्हणाला.

“आसू दे,” ती म्हणाली, आणि दुसरा तांब्या भरला.