वळणावरची टकटक

सेतुमोची होडी उलथवून ज्या पाणघोड्यानं त्याला मारलं, त्याचं मांस सगळ्या बेटानं खाल्लं. का नाही खाणार? चांगला तरणाताठा माणूस गेला होता. वन्यजीव खात्याच्या दारात खेटे घातले, तेव्हा कुठे बंदूकवाला आला. सेतुमोची बायको तेबात्सो, तिनं तर भांडं पुन्हा पुढं केलं. सासू मात्र एवढंच म्हणाली, "मला दात नाहीत." सासूला सगळे म्मासेतुमो म्हणायचे, सेतुमोची आई. मुलगा गेल्यावरही तेच म्हणत राहिले, कारण तिचं दुसरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.

बंदुकीच्या आवाजानं माद्या पिल्लांना घेऊन दूरच्या डोहात गेल्या, त्या परत फिरकल्या नाहीत. लोक म्हणाले, बरं झालं, पीडा टळली. आता पाणवाटेच्या वळणावर थांबून टकटक करायला नको. पूर्वी तिथं आलं की होडीच्या कडेवर काठी आपटायची. माणसं येतायत हे जनावराला कळायचं आणि ते बाजूला व्हायचं. सेतुमोनंही त्या दिवशी काठी आपटली होती. तेबात्सो त्याच होडीत होती, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. एखाद्या दिवशी नाही होत जनावर बाजूला. त्याला कुणी काय करायचं?

मग लव्हाळं आलं. आधी दोन्ही काठांवरून जरासं आत सरकलं, एवढंच. ओकावांगो नदीचं पाणी दरवर्षी चढतं-उतरतं, कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी होडीचं बूड घासायला लागलं. पाणघोड्यांची ती अवजड धुडं रोज अंधार पडता चरायला त्याच वाटेनं जायची आणि उजाडता परतायची, पोटानं गाळ खरवडत, मुळं तुडवत, म्हणून ती वाट मोकळी राहायची. पाण्यातली ती वाट माणसांची कधी नव्हतीच. माणसं आपली त्यांच्या वाटेनं फुकट ये-जा करत होती, आणि वर त्यांनाच शिव्या घालत होती.

वाट बुजत गेली तसं पाणी दुसरीकडून वाहायला लागलं. बेटालगतचा डोह आटू लागला. बायका टोपल्या घेऊन मासे धरायला उतरायच्या, त्यांच्या टोपलीत चिखल यायचा. एकेक घर उठून पलीकडे डांबरी रस्त्याकडं गेलं. राहिल्या त्या दोघी. सेतुमो घरामागं मातीखाली होता. त्याला टाकून सासू हलायची नाही, आणि सासूला टाकून तेबात्सोला जाववायचं नाही.

दोघी विळे घेऊन वाटेवर जायच्या. दिवसभर कापायच्या, हातांची सालपटं निघायची. विळा शेंडा कापतो, खाली गाळात मुळांची जाड गादी तशीच. आठवडा गेला की लव्हाळं पुन्हा डोक्यावर.

तेबात्सो एकदा खात्याच्या माणसाकडं जाऊन आली. पाणघोडे परत आणा म्हणाली.

"बाई, मारा म्हणून तुम्हीच आला होतात ना?" तो म्हणाला. "आणि पाणघोडा म्हणजे काय शेळी आहे, दोरी बांधून आणायला?"

माणूस वाईट नव्हता. तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. त्याच्याही हातात काही नव्हतं. चहा पिऊन ती परत आली.

शेवटी मोगोत्सी आला, सेतुमोचा चुलतभाऊ. तोंडाचा फाटका, पण ऐन वेळी धावून येणारा.

"चला," तो म्हणाला. "होडी आज कशीबशी आलीय. पुढच्या महिन्यात मला बोलवाल तर पंख लावून यावं लागेल."

"तू जा. मी आहे इथंच," म्हातारी म्हणाली.

"आणि प्यायचं काय, काकी? चिखल?"

म्हातारी डोहाकडं बघत राहिली. मग उठून घरामागं गेली. बऱ्याच वेळानं आली ती पांघरलेल्या कापडाच्या टोकाला मूठभर माती बांधून. होडीत जाऊन बसली. तेबात्सोनं भांडी चढवली, टोपल्या चढवल्या. तिला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटत होती.

वळणावर होडी रुतली. ऊन कलतं झालं होतं, दोन्हीकडून लव्हाळं अंगावर आलेलं. मोगोत्सी काठी रेटून रेटून दमला, शिव्या घालत चिखलात उतरला.

म्हातारीनं त्याची काठी उचलली आणि होडीच्या कडेवर आपटली. टक, टक. थांबली, कान दिला, पुन्हा आपटली.

"आई, कुणाला सांगताय?" तेबात्सो म्हणाली. "इथं कुणी राहिलं नाही."

"सांगत नाही. बोलावतेय."

"त्यानं माझा नवरा नेला, आई."

"माझा मुलगा नेला," म्हातारी म्हणाली. "तरी ये म्हणतेय." आणि लव्हाळ्याकडं तोंड करून, सेतुमोला जेवायला हाक मारायची तशाच आवाजात म्हणाली, "ये रे बाळा. कुणी काही करणार नाही तुला."

मोगोत्सीची शिवी तोंडातच राहिली. तिघंही ऐकत थांबले. वाऱ्यानं लव्हाळं हललं, बाकी काही नाही.

तेबात्सोनं सासूच्या हातातून काठी घेतली, आणि तीही आपटायला लागली. हात दुखेपर्यंत आपटली. मग काठी ठेवून ती चिखलात उतरली, आणि दोघांनी मिळून म्हातारीसकट होडी ओढायला सुरुवात केली.